हिशेबात नसलेली बदकं

औष्णिक वीज केंद्राचा आणि रानबदकांचा काय संबंध? प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो. पण जगातल्या थंड देशांमध्ये हा संबंध इतका घट्ट आहे की काही ठिकाणी वीज केंद्राच्या तळ्यामुळे हजारो पक्ष्यांचा हिवाळ्याचा पत्ताच बदलला. आज त्याबद्दल लिहायचं आहे. आणि तिथून थेट आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) खर्ड्यापर्यंत यायचं आहे. मध्ये थोडं गणित आहे, पण घाबरू नका, आठवीच्या पुढचं नाही.

आधी वीज केंद्राकडे बघू. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. शाळेत एवढं शिकलेलो असतो. शाळेत ज्यावर कोणी फारसं बोलत नाही ती गोष्ट म्हणजे ह्या सगळ्या खटाटोपात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होतो. उरलेली उष्णता कुठेतरी टाकून द्यावी लागते. समजा २१० मेगावॉटचा एक संच आहे. त्याची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर तो ६०० मेगावॉट उष्णता खातो. चिमणीतून वगैरे जाते ती सोडली तरी साधारण ३०० मेगावॉट उष्णता वाफ थंड करणाऱ्या पाण्यात जाते. हे पाणी १० अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तर सेकंदाला सात हजार लिटर पाणी लागतं. म्हणजे दर दीड सेकंदाला दहा हजार लिटरचा एक टँकर! आणि हा हिशेब एका संचाचा झाला. हे पाणी नदीतून किंवा तळ्यातून घ्यायचं आणि तापवून परत सोडायचं, ही सगळ्यात जुनी आणि स्वस्त पद्धत.

आता बदकांकडे. बदकाला थंडी वाजत नाही का? वाजते, पण आपल्याला वाटते तेवढी नाही. अंगावर पिसांचा दाट थर असतो, त्याला तेल चोपडलेलं असतं. पाय उघडे असतात, पण पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायाकडून येणारं गार रक्त अगदी शेजारी शेजारी वाहतं, त्यामुळे उष्णता वरच्या वर परत अंगात जाते आणि पाय गारच राहतात. गार पाय असले की उष्णता बाहेर पडत नाही. झकास डिझाइन आहे. म्हणजे थंडी हा मूळ प्रश्न नाहीच. मूळ प्रश्न बर्फाचा. तळं गोठलं की पाणवनस्पती, बिया, किडे, गोगलगायी सगळं झाकणाखाली जातं. रात्री पाण्यावर तरंगत झोपलं की कोल्हा येऊ शकत नाही, बर्फावर मात्र तो चालत येतो. थोडक्यात, बदक दक्षिणेला येतं ते उबेसाठी कमी आणि उघड्या पाण्यासाठी जास्त.

ह्या दोन गोष्टी एकत्र केल्या की पुढचं आपोआप कळतं. गोठलेल्या मुलखात एकच तळं उघडं राहिलं तर तिथे गर्दी होणारच.

ह्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावात आहे. आपल्या आयटीवाल्यांना हे गाव दोन कारणांनी ठाऊक असतं, एक मेयो क्लिनिक आणि दुसरं आयबीएम (एएस/४०० हे मशीन इथलंच). तिथे १९३० च्या दशकात झुंब्रो नदीवर बंधारा घालून सिल्व्हर लेक हे तळं केलं गेलं, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या काठावर कोळशावरचं वीज केंद्र उभं राहिलं. केंद्राचं गरम पाणी तळ्यात जायचं. बाहेर उणे २० असताना तळ्यावरून वाफा निघत असायच्या आणि पाण्यावर हजारोंनी कॅनडा हंस बसलेले असायचे. (हंस आणि बदक एकाच कुळातले, त्यामुळे विषय सोडला असं समजू नये.) ह्या हंसांना गावात आणायला थोडी माणसंही कारणीभूत होती. मेयो क्लिनिकच्या डॉ. चार्ल्स मेयो ह्यांनी १९२० च्या दशकात आपल्या घराच्या आवारात काही हंस पाळले होते, आणि वरून उडत जाणाऱ्या रानहंसांना ही मंडळी खाली बोलवत असत. तळं उघडं राहायला लागल्यावर पाहुणे मुक्कामालाच राहिले.

खरी गंमत १९६२ च्या जानेवारीत झाली. हॅरॉल्ड हॅन्सन नावाचे शास्त्रज्ञ रॉचेस्टरला आले. त्यांनी आणि सोबतच्या लोकांनी हंस पकडून वजन केलं, तर आकडे भलतेच मोठे. काटा बिघडलाय असं सगळ्यांना वाटलं. म्हणून त्यांनी दुकानातून साखरेच्या आणि पिठाच्या पिशव्या आणून काट्यावर ठेवल्या. काटा बरोबर होता! बग डेटात नव्हता, लोकांच्या समजुतीत होता. हे हंस 'जायंट कॅनडा गूज' ह्या प्रकारचे होते, आणि तो प्रकार नामशेष झाला असं मानलं जात होतं. एका वीज केंद्राच्या टाकाऊ उष्णतेवर पुस्तकातून गेलेला पक्षी सगळ्या गावासमोर सुखाने पोहत होता.

पण बदकं वीज केंद्राच्या तळ्यावर नेहमी उबेसाठीच जातात असंही नाही. साउथ कॅरोलायनात थंडी बेताची असते, तळी सहसा गोठत नाहीत. तिथे अण्वस्त्रांसाठी चालवलेल्या अणुभट्ट्यांचं पाणी थंड करायला १९५८ साली 'पार पाँड' नावाचं मोठं तळं केलं. हिवाळ्यात तिथेही बदकं आणि वारकरी (म्हणजे कूट, काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा पक्षी) मोठ्या संख्येने येत. आवार बंदिस्त, शिकार नाही, अन्न भरपूर. फक्त अणुभट्टीतून गळालेलं किरणोत्सारी सीझियम पाण्यात होतं, आणि ते ह्या पक्ष्यांच्या अंगातही सापडायचं. पाहुण्यांना ताटात काय वाढलंय ते दिसत नव्हतं. असो.

आता महाराष्ट्रात येऊ. आपल्याकडे तळी गोठत नाहीत, त्यामुळे गरम पाण्याचं बदकांना अप्रूप नाही. त्यात १ जून १९९९ नंतर सुरू होणाऱ्या आणि नदी, तलाव किंवा धरणाचं पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांना कूलिंग टॉवर बांधणं सक्तीचं झालं. कूलिंग टॉवर म्हणजे ते कंबरेत बारीक असलेले प्रचंड मनोरे. त्यात गरम पाणी शिंपडून वाफेवाटे उष्णता आकाशात सोडतात. म्हणजे मघाचा आपला २१० मेगावॉटचा संच पाणी नदीत परत न सोडता सेकंदाला शंभरेक लिटर पाणी हवेत उडवतो. दर पावणेदोन मिनिटाला एक टँकर वाफ.

ही वाफ दुष्काळी भागात किती महाग पडते हे परळीने दाखवलं. खर्ड्याहून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, बीड जिल्ह्यात, परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ पासूनचं. २१० मेगावॉटचे संच तिथेही होते. त्याचं पाणी गोदावरी खोऱ्यातून, खडका धरणातून येतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणीच नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. मिनेसोटात वीज केंद्राने बदकांना उघडं पाणी दिलं, आणि आमच्याकडे वीज केंद्राला स्वतःलाच पाणी मिळेना.

मग आपल्या भागात बदकांचं सिल्व्हर लेक कुठलं? त्यासाठी खर्डा बघायला हवं.

खर्डा हे जामखेड तालुक्यातलं गाव, बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीत. इतिहासाच्या पुस्तकात ते येतं ११ मार्च १७९५ च्या लढाईसाठी. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे मराठे सरदार शेवटचे एकत्र लढले ते इथे, हे वाक्य आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलंय. हरलेला निजाम अली खान खर्ड्याच्या किल्ल्यात (निंबाळकरांनी बांधलेला, साल १७४३) जाऊन बसला आणि थोड्याच दिवसांत तहाला तयार झाला. तो इतक्या लवकर का वाकला ह्याची जी कारणं सांगितली जातात त्यात एक पाण्याची टंचाई आहे. मार्च महिना, हजारोंची फौज, जनावरं, आणि कोंडलेला किल्ला. खर्ड्याचा उन्हाळा ज्याने बघितलाय त्याला हे कारण पटायला इतिहासकार लागत नाही.

हा सगळा पर्जन्यछायेचा भाग. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. मोठं नैसर्गिक सरोवर एकही नाही. म्हणजे १७९५ साली सैबेरियातून निघालेल्या एखाद्या बदकाने वरून खर्डा बघितलं असतं तर उतरण्याजोगं फारसं काही दिसलं नसतं. ओढ्यातले डोह आणि एखाददुसरा जुना तलाव. बस.

हे चित्र बदललं १९७२ च्या दुष्काळाने. त्या दुष्काळाचा आकडा कितीही वेळा वाचला तरी विश्वास बसत नाही: मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातूनच वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव ही त्यातली मुख्य कामं. नगर, बीड, उस्मानाबाद (आता धाराशिव), सोलापूर ह्या पट्ट्यात गावोगाव पाझर तलाव झाले. मातीचा बांध घालायचा, ओढ्याचं पाणी अडवायचं आणि ते जमिनीत मुरू द्यायचं, म्हणजे खालच्या विहिरींना पाणी येतं.

माझी आजी त्या भागातली. तिने अशाच एका तलावाच्या कामावर पाट्या वाहिल्या होत्या. त्या तलावावर नोव्हेंबरात बदकं उतरतात हे तिला मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, फोटो दाखवले. तिने फोटो बघितले आणि म्हणाली, "चांगली हायेत. पन आमी काय बदकांसाठी नव्हता खांदला बाबा, पोटासाठी खांदला." ह्यावर काय बोलणार? ह्या लेखाचा सारांश तिने एका वाक्यात केला होता.

कारण सगळीकडे गोष्ट हीच आहे. रॉचेस्टरला वीज केंद्र बदकांसाठी बांधलं नव्हतं. आणि आपल्याकडचे पक्ष्यांचे सगळे मोठे अड्डे बघा. गोदावरी-कादवा संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला तो कालवे काढण्यासाठी, ते कालवे कोपरगाव-राहात्याकडच्या शेतीला पाणी देतात. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणथळ जागा तयार झाली, तेच नांदूर मध्यमेश्वर. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं, हेतू मराठवाड्याचं सिंचन, आणि १९८६ पासून तिथला नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. इतकंच काय, भरतपूरचं जगप्रसिद्ध केवलादेवही माणसाने अडवलेल्या पाण्यावर उभं आहे, आणि तिथे पाणी खेळवलं ते शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

खर्ड्याच्या नैर्ऋत्येला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर भीमेवरचं उजनी आहे. १९८० साली पूर्ण झालेलं, क्षमता ११७ टीएमसी. पुण्या-मुंबईचे आपण लोक रविवारी कॅमेरे घेऊन भिगवणला जातो ते ह्याच धरणाचं बॅकवॉटर. रोहित (फ्लेमिंगो) सगळ्यांना ठाऊक असतात, पण बदकांची यादीही छान आहे. तलवार बदक, चोचीचा चमचा झालेला थापट्या, डोळ्यावर पांढरी भुवई असलेला भुवई बदक, चक्रांग, केशरी रंगाचा चक्रवाक. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंसही इथे असतो. चोचीवर पिवळा आणि लाल रंग असलेलं आपलं हळदीकुंकू बदक तर बारमाही इथलंच. आणि हो, पंढरपूरला जाणाऱ्या भीमेवर वारकरी पक्षी असायलाच हवेत, ते आहेत. :)

ही मंडळी कुठून येतात हे कळायलाही बराच काळ गेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२६ साली धार संस्थानात बदकांच्या पायात कड्या घालायला सुरुवात केली. १९५९ नंतर सालिम अली ह्यांच्या नेतृत्वाखाली ते काम मोठ्या प्रमाणावर झालं. भारतात कडी घातलेली बदकं पुढे कझाकस्तानात आणि सैबेरियात सापडली, तेव्हा जोडणी पक्की झाली. म्हणजे तिकडचं तळं गोठतं आणि इकडे पाझर तलावावर पाहुणे येतात, एकाच सिस्टिमची दोन टोकं.

आता मुद्द्याची गोष्ट. उजनी हे बदकांना का सोयीचं? नुसतं पाणी आहे म्हणून नाही. थापट्या, तलवार, चक्रांग ही बदकं फार खोल बुडी मारत नाहीत. शेपटी वर आणि डोकं खाली करून जेवढं पोचता येईल तेवढ्यातलं खातात. म्हणजे त्यांना वीतभर, फार तर हातभर पाणी हवं. धरण पावसाळ्याच्या शेवटी भरतं. मग रब्बीची आवर्तनं सुटायला लागतात आणि पाणी हळूहळू उतरतं. जसजसं उतरतं तसतशी काठाची नवी पट्टी उथळ होत जाते, ताजा चिखल, ताज्या बिया, ताजे किडे. जणू रोज ताट सरकवून पुढे करतात. हे सगळं नेमकं नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे पाहुणे असतात तेव्हाच. रॉचेस्टरला जे काम गरम पाणी करायचं ते आपल्याकडे उतरतं पाणी करतं. ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत तुडुंब राहतं त्या वर्षी रोहितही उशिरा येतात, हे दर वर्षी पेपरात येतं ते ह्याचमुळे.

आणि उलट झालं तर? उजनीच्या ११७ टीएमसीपैकी ६३ च्या वर मृतसाठा आहे. म्हणजे कालव्याच्या दरवाज्याखालचं, हिशेबाबाहेरचं पाणी. त्याच्या वरच्या पाण्याची टक्केवारी पेपरात येते. मृतसाठ्याला हात घातला की टक्केवारी उणे होते. प्रोग्रामरला हे वाचून मजा वाटते, अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये कोणीतरी उणे संख्या घातल्यासारखी. पण २०२४ मध्ये जानेवारीतच उजनी मायनसमध्ये गेलं आणि उन्हाळ्यात उणे ५० च्याही खाली उतरलं. असं झालं की बुडालेलं पळसदेवचं देऊळ वर येतं, आपण फोटो काढायला जातो, आणि काठ इतक्या वेगाने मागे सरकतो की ओल्या पट्टीच्या जागी भेगाळलेली जमीन उरते.

सोलापूरला प्यायला पाणी, ऊस, कारखाने, शहरं, सगळ्यांची नावं त्या हिशेबात आहेत. त्यांच्यात भांडण आहे, पण निदान नाव तरी आहे. बदकाचं नाव नाही. आपण त्याला दिलं ते चुकून दिलं आणि काढून घेऊ तेव्हाही न कळत काढून घेऊ. रॉचेस्टरला तेच झालं. २०१० च्या दशकात तिथलं कोळशाचं केंद्र बंद झालं, तळं हिवाळ्यात गोठायला लागलं आणि हंसांची गर्दी ओसरली. हंसांचं ठीक आहे, ते उडून पुढे जातात. फ्लोरिडात वीज केंद्रांच्या कोमट पाण्यावर मॅनेटी नावाचे मोठे जलचर हिवाळा काढतात. ती केंद्रं बंद झाली तर हे प्राणी जाणार कुठे, हा तिथल्या शास्त्रज्ञांपुढचा खरा प्रश्न आहे. कोळसा जाळणं थांबायलाच हवं, ह्यात शंका नाही. पण थांबवताना त्यावर कोण कोण अवलंबून आहे ह्याची यादी आधी हवी.

त्यातच आता अख्खी पृथ्वी एका मोठ्या वीज केंद्राच्या तळ्यासारखी वागू लागली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात दिसलं की फिनलंडमधला हिवाळ्याचा सुरुवातीचा काळ गेल्या तीस वर्षांत बराच ऊबदार झाला, आणि टफ्टेड डक, गोल्डनआय, गूसँडर ही बदकं दक्षिणेला उतरण्याऐवजी मोठ्या संख्येने उत्तरेलाच थांबू लागली. उघडं पाणी जवळ मिळालं तर लांब कशाला जायचं? त्यांचं बरोबरच आहे.

म्हणून मला वाटतं की पाण्याच्या नियोजनात निदान एक ओळ बदकांची असावी. पाणी जास्त सोडा असं कोणी म्हणत नाही. आजीसमोर तर मी म्हणूच शकत नाही. फक्त उतरवायचं तेच पाणी कधी आणि किती वेगाने उतरतं एवढी नोंद ठेवावी, आणि दर गावातला एखादा पाझर तलाव तरी मार्चआधी उपशाच्या मोटारींनी पूर्ण कोरडा करू नये. तळाला राहिलेलं पाणी विहिरींच्याही कामाचंच असतं.

ओळ लिहायची तर आकडा हवा, आणि आकडा मिळवणं आपल्यासारख्यांना अवघड नाही. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यात हौशी लोकच मोजणी करतात. भिगवणला मोजायला पुष्कळ जण असतात. खर्डा-जामखेडकडच्या पाझर तलावांवर मात्र माणसं कमी पडतात. पुण्याहून सकाळी लवकर निघालं तर दुपारी किल्ला आणि संध्याकाळी तलाव, एका रविवारात बसतं. दुर्बीण, वही आणि पाण्याची बाटली न्यायची. आणि आकडा फारच मोठा आला तर काट्यावर संशय घ्यायच्या आधी साखरेच्या पिशवीची गोष्ट आठवायची.